झाकण

नऊ भांडी होती. मोजायची सवय मला तेव्हापासूनची.
टोप, तवा, कळशी, पेज वाढायची बुडकुली,
आवळ्याएवढं जातं, ज्याचा खुंटा पहिल्याच दिवशी तुटला,
आणि झाकणाचा करंडा:
लाल, कडेला हिरवी रेघ, शेंड्यावर पिवळा ठिपका.

कुंकळ्ळीच्या बाजारामागच्या वाटेवर
मोलूमामाचा चरक फिरायचा.
पांगाऱ्याचा भुसा त्याच्या भुवयांवर, अंगणातल्या कोंबड्यांवर.
फिरत्या लाकडाला तो लाखेची कांडी टेकवायचा
आणि रंग वितळून आपणच चढायचा
ताप चढावा तसा.
मग केवड्याच्या पातीनं घासून चमक.
"हात लाव गो बाय, पण आत्ता नको," म्हणायचा,
आणि मी आत्ताच लावायची.
डाव्या तर्जनीवर अजून एक गुळगुळीत डाग आहे.

फातर्प्याच्या जत्रेत सगळी खेळणी विकली गेली,
माझी नऊ तेवढी त्यानं फडक्यात बांधून मागे ठेवली.
आई म्हणाली, दादा, पैसे घे.
तो म्हणाला, पोरीनं शिजवलेलं जेवीन कधीतरी.
जेवलाही.
वाळूचा भात, तेऱ्याच्या पानाची भाजी, वर काजूच्या बोंडाची फोड.
फोड खरी होती, ती त्यानं खरी खाल्ली.
भात गंभीरपणे मागून घेतला, दोनदा.

पुढच्या चवथीनंतर बाबा कुवेतला गेले.
माटोळीची तोरिंगं सुकत आली होती, कुणी उतरवली नव्हती.
आईनं पेटीत सोलं भरली, तिरफळं भरली,
आणि सदऱ्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा मोडून घातल्या.
मडगावच्या स्टँडवर बस हलली तेव्हा
बाबांचा हात खिशातून जरा उशिरा निघाला.
हे आता आठवतं.

दुसऱ्या दिवशी करंड्यावर झाकण नव्हतं.

तुळशीभोवती शोधलं, न्हाणीच्या मोरीत काठी घातली,
मग उपेंद्रचं नाव घेतलं.
मोलूमामाचा उपेंद्र, माझ्याहून वर्षानं मोठा,
कुठलीही गोल वस्तू गडगडवून पाहणारा.
मामानं त्याला माझ्यासमोर मारलं.
भुशाचा हात, पाठीवर पांढरी बोटं उमटली.
तो रडला नाही. "मी नाही घेतलं," एवढंच, चार वेळा.
मी मोजलं होतं.
मामा म्हणाला, दुसरं कातून देतो.
मी म्हटलं, नको. तेच हवं.

बाबा येत राहिले, जात राहिले,
मग कायमचे आले आणि वर्षानुवर्षं ओसरीत बसून
रेडिओवर अरबी बातम्या शोधत राहिले.
गेल्या शिगम्यात वारले.
बाराव्यानंतर त्यांची दाढीची पिशवी उघडली.
गंजलेलं पातं, तुरटी, आणि ते.
पिवळा ठिपका अंगठ्यानं पुसला गेलेला,
तिथं नुसतं लाकूड, बोरासारखं तांबूस.
हुंगून पाहिलं. केवडा नव्हता. साबण होता.

आई म्हणाली, "ठाऊक होतं मला. पत्रात लिहिलं होतं त्यांनी.
तू मोठी झालीस की सांगायचं ठरवलं होतं.
आणि मग तू मोठीच झालीस."

उपेंद्रचं बाळ्ळीला टाइल्सचं दुकान आहे.
फोन केला. तो हसला, म्हणाला, मी कधीच विसरलो.
मग मागे कुणीतरी लादी कापत असल्याचा आवाज,
तो थांबला,
आणि तो म्हणाला, "चार वेळा नाही. पाच."

रविवारी आला. झाकण तळहातावर घेतलं,
करंड्यावर बसवून पाहिलं. बसत नाही.
कुवेतच्या कोरड्या हवेनं झाकण आकसलं की
आमच्या पावसांनी करंडा फुगला, कोण सांगणार?
त्यानं ते जमिनीवर कडेवर उभं केलं
आणि हलकेच ढकललं.
मी ओरडेपर्यंत ते कपाटाखाली गेलं.

आम्ही दोघं, पन्नाशीची, गुडघ्यांवर,
गाल लादीला टेकवून,
आणि तो टॉर्च मारत म्हणतोय,
"ह्या खेपेला मीच. लिहून ठेव."